धूर डोक्यावरून चाललाय की नाकाशी आलाय?

तुम्ही विचारलंय की उपग्रहाच्या चित्रात कॅनडातल्या वणव्यांचा धूर थेट न्यू जर्सीवर दिसतोय, पण बाहेर वास नाही. मग मुलांना खेळायला सोडायचं का?

चित्र खोटं नाही. पण उपग्रह वरून बघतो, त्यामुळे जमिनीलगतचा धूर आणि चार किलोमीटर उंचीवरचा धूर त्याला एकमेकांवर पडलेले दिसतात. उंचावरच्या धुराने सूर्य लालसर होतो, नाकाला पत्ताही लागत नाही.

जून २०२३ मध्ये मी हे तासातासाला बघत होतो. क्वेबेकमध्ये विजा पडून वणवे पेटले होते आणि न्यू जर्सीच्या ईशान्येला, मेन-नोव्हा स्कोशियाच्या बाजूला कमी दाबाचं क्षेत्र ठाण मांडून बसलं होतं. आपल्या गोलार्धात अशा क्षेत्राभोवती वारा घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणजे त्याच्या पश्चिमेला तो उत्तरेकडून खाली येतो. त्याच वाटेने धूर आला. ७ जूनला दुपारी दोनला स्वयंपाकघरात दिवा लावावा लागला, खिडकीच्या फटीतून जळक्या लाकडाचा वास येत होता. न्यूयॉर्कचा एक्यूआय (हवेच्या दर्जाचा निर्देशांक, जितका जास्त तितकी हवा वाईट) ४०० च्या वर गेला होता.

एकच चित्र बघून काही ठरवू नका. गोज ईस्ट हा हवामान उपग्रह (तेव्हा गोज-१६, आता गोज-१९) अमेरिकेचं चित्र दर ५ मिनिटांनी देतो. तीन-चार तासांची चित्रं सलग फिरवा. ढग जागच्या जागी तयार होतात, विरतात. धूर लांबत, पातळ होत वाऱ्याबरोबर वळतो आणि त्याखालच्या नद्या अंधुक का होईना दिसत राहतात. शंका वाटली तर त्याचा १३ नंबरचा, उष्णता टिपणारा इन्फ्रारेड चॅनल लावा: उंच ढग तिथे ठळक राहतो, धूर जवळजवळ नाहीसा होतो. म्हणूनच रात्री धुराचा माग काढणं इतकं अवघड. आगीचे तप्त ठिपके तेवढे दिसतात.

सगळ्यात जास्त फसगत दुपारी होते. सूर्य कललेला असताना धुराचे कण उपग्रहाकडे जास्त प्रकाश फेकतात, म्हणून सकाळ-संध्याकाळ पट्टा ठसठशीत दिसतो. भर दुपारी तोच फिका पडतो आणि लोक म्हणतात, गेला! प्रत्यक्षात जमीन तापून हवा ढवळली जाते ती याच वेळी, आणि वर तरंगणारा धूर खाली उतरू शकतो.

म्हणून चित्रासोबत दोन गोष्टी उघडून ठेवा. नोआ या अमेरिकी हवामान संस्थेच्या एचआरआरआर-स्मोक या धुराचा अंदाज देणाऱ्या मॉडेलमध्ये जमिनीलगतच्या धुराचा आणि संपूर्ण उंचीतल्या एकूण धुराचा असे वेगळे नकाशे असतात. तुम्हाला पहिला हवा. आणि एअरनाऊ या हवेच्या दर्जाच्या सरकारी वेबसाइटच्या फायर अँड स्मोक नकाशावर घराजवळच्या सेन्सरचा पीएम २.५ (हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचं प्रमाण) बघा. शेवटचा शब्द त्याचा.

आमच्या घरी एक्यूआय १०० च्या वर गेला की मुलांचं मैदान बंद. १५० ला खिडक्या बंद, बाहेर जावंच लागलं तर एन९५ मास्क. जवळ सेन्सर सापडत नसेल तर गावाचं नाव लिहा, आज संध्याकाळचा नकाशा बघून सांगतो.