जाऊ की नको, हे चित्रात कसं दाखवायचं?

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत शिकवते. पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी चित्रपुस्तक करते आहे. खाडीपलीकडे मावशीकडे शिकायला जायचं की आजीजवळ राहायचं, हे एका मुलीला ठरवता येत नाही. तिची घालमेल दाखवायला मी तिठा, दोन बाणांची पाटी आणि तराजू काढला. वर्गातली मुलं म्हणाली, "हा बाजार आहे का?" कुठे चुकलं? (वाचक, दापोली तालुका)

उत्तर : मुलांचं बरोबर आहे. तराजू त्यांनी मासळीच्या टोपलीशेजारी पाहिलेला असतो. मनातल्या दोन बाजू तोलणं ही मोठ्यांची भाषा झाली. या वयात प्रतीक पोचतं ते गोष्टीतल्याच वस्तूतून, आणि ती वस्तू पानागणिक बदलत गेली तर. तुमच्याकडे अशी वस्तू आयतीच आहे : खाडी.

चित्रपुस्तकाच्या नेहमीच्या ३२ पानांतून शीर्षक, श्रेयनामावली वगैरे वजा जाता बारा ते चौदा जोडपानं (समोरासमोरची दोन पानं) हाती राहतात. जोडपानाच्या मधली शिवण म्हणजेच खाडी, असं धरा. डावीकडे आजीचं अंगण आणि धक्का, उजवीकडे पलीकडचा किनारा. मुलीची नजर, हाक, उडवलेला कागदी पक्षी शिवण ओलांडू द्या, पण ठरेपर्यंत ती स्वतः नको. देवनागरी वाचणारा डोळा डावीकडून उजवीकडे सरकतो, म्हणून उजवीकडे तोंड म्हणजे पुढे जाणं आणि डावीकडे म्हणजे मागे फिरणं, असं आपोआप वाचलं जातं. पावलं उजवीकडे आणि मान डावीकडे, एक पाय चपलेत आणि दुसरी चपल अजून पायरीवर, एवढ्यात 'तळ्यात मळ्यात' कळतं. मग मजकुरात 'ती गोंधळली' लिहू नका. (पुढे उर्दू आवृत्ती काढलीत तर सगळी चित्रं आरशासारखी उलटवावी लागतील.)

आता ओहोटी. अंतिम वेळ नसेल तर मुलांना घालमेल नुसती रेंगाळल्यासारखी वाटते, आणि खाडीत ती वेळ पाणीच देतं : उतरलं की होडी गाळात रुतणार. भरतीपासून ओहोटीपर्यंत सुमारे सहा तास बारा मिनिटं लागतात, पण पाणी एकसारखं उतरत नाही. ढोबळमानाने उताराचे बारा भाग केले, तर तासागणिक एक, दोन, तीन, तीन, दोन, एक असे भाग उतरतात. म्हणून धक्क्याला बारा पायऱ्या काढा. पान १२-१३च्या जोडपानावर सगळ्या बुडालेल्या. पुढच्या चार जोडपानांवर उघड्या पायऱ्या १, ३, ६, ९. मुलं मोजतातच, आणि मधेच पाणी घाई करायला लागलं हे त्यांना न सांगता जाणवतं. सकाळच्या एकाच गोष्टीत पाणी खाली, वर, पुन्हा खाली असं काढणं ही नेहमीची चूक आहे. खाडीकाठची मुलं ती लगेच पकडतील.

शेवटचं 'जाऊ की नको' २१व्या, म्हणजे उजव्या पानावर येऊ द्या. निर्णय पान उलटल्यावरच, २२-२३वर. दोन्ही एकाच जोडपानावर आले तर डोळा आधी निर्णय पाहतो आणि घालमेल फुकट जाते. तिथे होडी शिवण ओलांडेल, मजकूर जवळजवळ नको. मुलीचा चेहरा शिवणीपासून निदान एक सेंटीमीटर दूर ठेवा. मध्ये पिना मारलेलं पुस्तक पुरतं उघडतं, डिंकाने चिकटवलेलं शिवणीजवळचं बरंच चित्र गिळतं. आणि आजीला डाव्या पानावरून पुसू नका. काय मागे राहिलं ते दिसलं नाही, तर मुलीने काही ठरवलं असं वाटतच नाही.

प्रश्न : खेकडा तिरका चालतो. गोंधळलेल्या मनासाठी तो चालेल का? (वाचक, मालवण)

उत्तर : नको. त्याच्या पायांचे सांधे बाजूला वाकतात म्हणून तो तिरका धावतो, पण बिळाकडे अगदी नेमका जातो. त्याऐवजी शंखात राहणारा खेकडा घ्या. त्याचं पोट मऊ आणि उघडं असतं. गोगलगायीचा रिकामा शंख तो घर म्हणून वापरतो आणि वाढला की मोठा शोधतो. नवा शंख नांग्यांनी चाचपतो, तोंडाशी आत पाहतो, मग झटकन बदलतो. तीन चित्रं : चाचपणं, दोन शंखांच्या मधला उघडा क्षण, आत शिरणं. मधलं चित्र सर्वांत मोठं करा, जुनं घर सुटलंय आणि नवं अजून मिळालेलं नाही, हे तिथेच आहे. शंख त्याच्या अंगाचाच भाग आहे असं मात्र काढू नका. तसं काढलं तर बदलण्याचा अर्थच उरत नाही.

प्रश्न : आमच्या गावात देवाला कौल लावतात. पुस्तकात घेऊ का? (वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : जरूर घ्या, जागा मात्र जपून निवडा. मूर्तीच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेल्या कळ्यांपैकी उजवी पडली की बहुतेक ठिकाणी होकार मानतात. कळी हलते का याकडे सगळं घर श्वास रोखून पाहतं; चित्रासाठी याहून ताणलेला क्षण शोधून सापडणार नाही. पण तो गोष्टीच्या शेवटी आणलात तर ठरवणारा देव होतो, मूल नाही. पहिल्या चार जोडपानांत, मोठ्यांच्या एखाद्या प्रश्नासाठी कौल लावलेला दाखवा. पुढे मूल स्वतःच्या प्रश्नासाठी तशीच एक कळी दगडावर चिकटवतं, आणि ती पडण्याआधीच उठून चालू लागतं. कळी अजून दगडावरच आहे.