‘सामूहिक कारावास’ की ‘सरसकट तुरुंगवास’?

परभणीहून विचारणा आहे : एल साल्वादोर या मध्य अमेरिकेतल्या देशावरच्या लेखाचं मराठी करताना ‘मास इन्कार्सरेशन’ला ‘सामूहिक कारावास’ म्हटलं. वाक्य झालं, ‘सामूहिक कारावासामुळे खुनाचा दर घसरला’. चालेल का?

नाही. कारावास ही शिक्षा आहे. ‘सश्रम कारावास’ निकालपत्रात येतो, दोष सिद्ध झाल्यावर. एल साल्वादोरमध्ये राष्ट्राध्यक्ष बुकेले यांच्या सरकारने मार्च २०२२ पासून आणीबाणीच्या अधिकारांत ८० हजारांहून जास्त लोक पकडले, त्यातले बहुतेक निकालाआधीच आत गेले. आपल्या बोलीत हे कच्चे कैदी, तुरुंगाच्या कागदावर न्यायाधीन बंदी. (भारतातही २०२२ अखेर दर चार बंद्यांमागे तिघे असेच होते.) ‘तुरुंगवास’ मात्र निकालाआधीचाही असतो, नंतरचाही. तोच घ्यावा.

‘स्थानबद्धता’ही नको. ‘एमपीडीएखाली स्थानबद्ध, हर्सूल कारागृहात रवानगी’ ही बातमी बीड-जालन्यात नेहमीची. ती या राज्य कायद्याखालची प्रतिबंधात्मक कारवाई : खटला नसतो, मुदत जास्तीत जास्त वर्षभर. एल साल्वादोरमध्ये धरलेल्यांवर टोळीत असल्याचे आरोप ठेवलेले आहेत.

‘सामूहिक’ म्हणजे अनेकांनी मिळून केलेलं : सामूहिक विवाह, सामूहिक रजा. इथे हवा आहे तो शब्द आपल्याकडे अतिवृष्टीनंतर गावोगाव ऐकू येतो : सरसकट. सरसकट मदत म्हणजे शेतागणिक पंचनामा न करता दिलेली. माणसागणिक पुरावा न तपासता केलेल्या धरपकडीला इतका चपखल शब्द दुसरा नाही. अमेरिकेविषयी लिहिताना मात्र तो वापरू नये. तिथले बहुसंख्य कैदी शिक्षा झालेले आहेत. तिथे ‘प्रचंड प्रमाणावरचा तुरुंगवास’ म्हणावं.

आता ‘खुनाचा दर घसरला’. हे सोयाबीनच्या भावासारखं वाटतं. ‘प्रमाण घटलं’ लिहा आणि आकडा लाखामागे द्या, टक्क्यांत नव्हे : एल साल्वादोरमध्ये २०१५ साली लाख लोकसंख्येमागे शंभराहून जास्त, २०२४ मध्ये १.९. ‘खून’ही अडचणीचा. भारतीय न्याय संहितेत सदोष मनुष्यवध कलम १०० मध्ये आणि खून कलम १०१ मध्ये, दोन्ही वेगळे. ‘खून’ला असा नेमका कायदेशीर अर्थ असल्याने परदेशी आकड्यांसाठी ‘हत्या’ बरा. शिवाय तिथल्या सरकारी मोजणीत पोलिसांच्या गोळीने मेलेले धरत नाहीत, म्हणून ‘सरकारी नोंदीनुसार’ हे शब्द गाळू नका.

सगळ्यात जोखमीचा आहे तो ‘-मुळे’. २०२१ मध्येच, म्हणजे धरपकडीआधी, प्रमाण १८ च्या आसपास उतरलं होतं. त्या आधीच्या घटीचं श्रेय हा प्रत्यय नकळत तुरुंगाला देऊन टाकतो. म्हणून : ‘सरसकट तुरुंगवासानंतर, सरकारी नोंदीनुसार, हत्यांचं प्रमाण आणखी घटलं.’