काकवीला चौपाटी नको आहे

प्रश्न : आमची काकवी दोन वर्षांची, गावठी, नावासारख्याच रंगाची. सहा महिन्यांची असताना करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावरून आणली. घरात अगदी शहाणी. पण संध्याकाळी रंकाळा तलावाच्या चौपाटीवर नेली की भेळेच्या गाड्या दिसायच्या आधीच शेपूट पोटाखाली जातं, थरथरायला लागते, घराकडे ओढ घेते. आमचे हे म्हणतात, रोज न्यायची, भीड चेपेल. म्हणून नेमानं नेत राहिलो, तर परवा एका लहान मुलावर गुरगुरली. ह्यांनी साखळीला हिसका देऊन चांगली दटावली. आता ती जिन्याखाली उतरायलाच तयार नाही. गणपती तोंडावर आलेत. काय करावं?
– एक वाचक, संभाजीनगर, कोल्हापूर

उत्तर : ताई, आज संध्याकाळपासून रंकाळा बंद. रोज नेलं की भीड चेपते, हे तालमीत नवीन आलेल्या पोराला लागू पडत असेल. त्याला आपण कशाला आलोय ते ठाऊक असतं आणि नकोसं झालं तर ते घरी जातं. काकवीच्या गळ्यात साखळी आहे. तिला रोज त्याच जागी नेऊन उभं केलं तर ती एवढंच शिकते, की मी कितीही सांगितलं तरी ही माणसं ऐकत नाहीत.

तिला लहानपणी कुणी मारलं असेल का, असं अशा वेळी सगळेच विचारतात. तसं असेलच असं नाही. पिल्लू साधारण ३ ते १४ आठवड्यांचं असताना जे बघतं, ऐकतं, हुंगतं, ते त्याच्या लेखी नेहमीचं ठरतं. काकवीचे ते दिवस चरकाच्या आवाजात आणि चुलवाणाच्या धुरात गेले. उसाच्या ट्रॅक्टरला ती कदाचित आजही भीत नसेल, बघा एकदा. फुगेवाले, चमचमणारी खेळणी, पळणारी पोरं, दहा बाजूंनी येणारे हॉर्न हे तिच्या वाट्याला फार उशिरा आलं. त्यात तुमचा दोष नाही, तिचाही नाही.

आता त्या गुरगुरण्याबद्दल. ह्यांना सांगा, गुरगुरली म्हणून पुन्हा दटवायचं नाही. गुरगुरणं म्हणजे 'लांब हो' ही सूचना. ती मार खाऊन बंद झाली की भीती तशीच राहते आणि कुत्रं पुढच्या वेळी न सांगता चावतं. खरं तर गुरगुरायच्या आधी काकवीनं बरंच काही सांगून झालेलं असणार: नाकावरून जीभ फिरवणं, झोप नसताना जांभई, मागं पडलेले कान, डोळ्यांच्या कडेचा दिसणारा पांढरा भाग. आणि सगळ्यात सोपी खूण, एरवी जीव टाकते तो खाऊ समोर धरला तरी तोंड फिरवणं. माझ्या दृष्टीनं हा खाऊच थर्मामीटर. खात असेल तर जागा ठीक. खात नसेल तर तुम्ही फार जवळ आलात, मागं फिरा.

ती जिना उतरायला लागेपर्यंत दारातच खाऊ द्या, ओढून नेऊ नका. मग सकाळी लवकर तपोवन मैदानाच्या कडेला जा. सभा-प्रदर्शनाचे दिवस सोडून. पोरं खेळत असतील, माणसं फेऱ्या मारत असतील, त्यांच्यापासून इतकं लांब उभं राहा की काकवी त्यांच्याकडे बघेल आणि बघून गवत हुंगायला लागेल. पन्नास मीटर लागोत नाहीतर शंभर. हुंगू द्या पोटभर, त्यानं कुत्रं निवतं. दहा-पंधरा मिनिटांत परत फिरा. 'आज छान चाललंय, जरा चौपाटीपर्यंत जाऊ' हा मोह आवरा, बहुतेकांची गाडी तिथंच घसरते.

खाऊ म्हणजे साधं उकडलेलं चिकन, हरभऱ्याएवढे तुकडे. मीठ-मसाला नको आणि रश्श्यातला तुकडा तर मुळीच नको. कांदा-लसूण कुत्र्यांना बाधतो. चिकन चालत नसेल तर पनीर.

आता इथं नीट लक्ष द्या, कारण माझ्याकडे येणारे निम्मे लोक हे उलटं करतात. समोरून मोटारसायकल येताना दिसली की मालक घाईघाईनं खिशातली प्लॅस्टिकची पिशवी काढतो. खुळखुळ आवाज, मग चिकन, मग गाडी. आठवड्याभरात कुत्र्याला कळतं, पिशवी वाजली म्हणजे काहीतरी भयंकर येणार. पुढं घरात पिशवी वाजली तरी ते पलंगाखाली. क्रम असा हवा: आधी गाडी दिसू दे, काकवीचे कान तिकडे वळू देत, आणि मग चिकन. गाडी गेली की चिकन बंद. तुकडे कमरेच्या कापडी पिशवीत ठेवा, आवाज न होणाऱ्या. गाडी दिसली की तिनंच मान वळवून तुमच्या तोंडाकडे बघितलं, की समजायचं गणित जमलं. मग अंतर थोडं कमी करा. थोडंच.

सोबत घरातल्या घरात एक शब्द शिकवा, 'माघारी'. बोळातून चालता चालता 'माघारी' म्हणायचं, वळायचं, वळल्यावर तुकडा. खेळ म्हणून शंभरदा होऊ दे. मग रस्त्यात अचानक बुलेटचा फटाका वाजला, तर साखळी न ओढता तिला घेऊन निघता येतं. तशा दिवशी पुढचा सराव रद्द. फटाका, मग केएमटीच्या बसचा हॉर्न, मग गल्लीतली कुत्री, असं एकावर एक साठत जातं. तो ताण उतरायला कधी कधी दोन-तीन दिवस लागतात. तेवढे दिवस घरी झोपू दे.

साखळी आणि गळपट्टा बदला. घाबरलेलं कुत्रं मागं सरकत डोकं काढून घेतं आणि थेट रस्त्यावर पळतं. छातीवरून बसणारा हार्नेस घ्या, सोबत सुती पट्टा. एकदा जवळच्या पशुवैद्याकडून कान आणि सांधे तपासून घ्या. दुखणं असलं की आवाजाची भीती वाढते. रेबीजची लस वेळेवर हवीच. चुकून कुणाला दात लागलाच तर जखम साबण-पाण्यानं १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

माणसांचं काय? आपल्याकडे प्रेम उतू जातं. 'लई गोड हाय की वो, चावतंय काय?' म्हणेपर्यंत हात डोक्यावर आलेला असतो. भिते म्हणून सांगितलंत तर लोक भीती घालवायलाच पुढं येतात. त्यापेक्षा 'दादा, कातडीचा आजार हाय' म्हणा. सगळे दोन पावलं मागं. एवढं खोटं चालतं.

गणपतीत शिकवणी नको. विसर्जन होतं ती इराणी खण तुमच्यापासून फार लांब नाही, डॉल्बीचे दणके घरात पोचणार. विसर्जनाच्या दिवशी गावाकडे कुणी असेल तर आदल्या दिवशीच तिला तिकडे पोचवा. नाहीतर रस्त्यापासून आतली खोली, बंद खिडक्या, जाड गोधडी आणि चालू टीव्ही. मिरवणूक लांब असतानाच शी-शू उरकून घ्या. ती कुशीत शिरली तर घ्या जवळ. जवळ घेतल्यानं भीती वाढते, हा गैरसमज आहे.

आणि ह्यांना एक विचारा. काकवीनं चौपाटीवर यावं ही हौस नक्की कुणाची? तपोवनाच्या कडेला गवत हुंगत आयुष्य काढलं तरी तिचं काही बिघडत नाही.

प्रश्न : मिरवणुकीच्या दिवशी आमच्या लॅब्राडोरला आईच्या झोपेच्या गोळीतली अर्धी दिली तर चालेल का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : नाही. माणसाच्या काही झोपेच्या गोळ्यांनी कुत्रं शांत व्हायच्या ऐवजी जास्तच बिथरतं आणि डोस तर अंदाजानं ठरतच नाही. 'गुंगीची गोळी' म्हणून पूर्वी सर्रास दिलं जाणारं एसेप्रोमेझिनही एकटं देऊ नये. त्यानं अंग ढिलं पडतं, भीती आत तशीच राहते, फक्त पळता येत नाही. भीतीवरची वेगळी औषधं आहेत, ट्रॅझोडोन, गॅबापेंटिन वगैरे, पण ती वजन आणि तब्येत बघून पशुवैद्यच देतात. आत्ताच जा. घरी शांत दिवशी एक डोस देऊन बघावा लागतो, ऐन मिरवणुकीच्या सकाळी फोन केलात तर माझ्या हातात काही नसतं.