चिडला की ऐकतच नाही, पण नकाशे काढताना तासभर हलत नाही

प्रश्न: मुलगा ९ वर्षांचा, ऑटिस्टिक आहे. ठरलेलं अचानक बदललं की रडारड, फेकाफेक. "शांत हो" म्हटलं की अजूनच भडकतो. पण ट्रेनचे नकाशे काढायला बसला की तासभर जागचा हलत नाही. हट्टीपणा आहे का हा?

उत्तर: नाही हो ताई, हट्ट नाहीये हा. डायना मरे, माइक लेसर आणि वेन लॉसन या ऑटिझमच्या अभ्यासकांनी २००५ च्या लेखात मोनोट्रॉपिझमबद्दल लिहिलंय, म्हणजे लक्ष एका वेळी थोड्याच गोष्टींत पण खूप खोल जातं, मग तिथून एकदम ओढून काढलं की त्रास होणारच ना. ते नकाशेच हाताशी घ्या. तो शांत असताना त्यालाच मूडची लाइन काढू द्या, स्टेशनांची नावंही त्याचीच, 'मस्त', 'कुरकुर', 'डोकं गरम'. भावना शब्दांत सांगणं बऱ्याच ऑटिस्टिक मुलांना जड जातं, बोट ठेवणं सोपं. 'कुरकुर'वर बोट आलं की लगेच आवाज, लाइट कमी करा, बोलणंही कमीच. बदल असेल तर आधीच नकाशावर दाखवा, "आज मार्ग बदललाय". आणि प्लीज, शिक्षा म्हणून नकाशे कधीच काढून घेऊ नका, सावरायला त्याच्याकडे तेच तर आहे.