जिऑलॉजी की एन्व्हायर्न्मेंट? आधी मुलीचा प्रश्न ऐका

बारावीचा निकाल लागला की नागपुरातले पालक करिअरचा सल्ला घ्यायला माझ्याकडे हमखास येतात. मुलं जिऑलॉजी आणि एन्व्हायर्न्मेंट ही दोन्ही नावं एका दमात घेतात आणि आईवडील विचारतात, "स्कोप आहे का जी त्याच्यात?"

रेवाचं (नाव बदललं आहे) म्हणे ठरलेलं होतं, पर्यावरणच. कारण विचारलं. यवतमाळ जिल्ह्यात तिच्या आत्याच्या गावी बोअरच्या पाण्यात फ्लोराइड निघालं, पोरांच्या दातांवर तपकिरी डाग पडलेत.

"मग तुला ते पाणी शुद्ध करायचंय?"

ती गप्प झाली. मी घाई केली नाही. मुलांचा कल चाचणीपेक्षा त्यांना छळणाऱ्या प्रश्नात लवकर सापडतो, हे मी ठामपणे मानते.

"तसं नाही मॅडम. आत्याच्या विहिरीचं पाणी चांगलं आहे अन् शेजारच्या बोअरचं खराब. गाव तेच, मग असं कसं?"

हा तर भूशास्त्राचा, म्हणजे जिऑलॉजीचा प्रश्न! फ्लोराइड खडकातल्या खनिजांतून पाण्यात उतरतं. पाणी कोणत्या खडकात, किती खोल आणि किती काळ राहिलं, यावर त्याचं प्रमाण ठरतं. एवढं सांगितल्यावर ती स्वतःच म्हणाली, "म्हणजे मला आधी खडक शिकावा लागेल." मी आयता सल्ला दिला असता तर हे वाक्य तिचं झालं नसतं. सांडपाणी किंवा हवेचं प्रदूषण तिला छळत असतं, तर मीच तिला पर्यावरणाकडे पाठवलं असतं.

बाबांना मी गावातलीच नावं सांगितली. भारतीय खाण ब्यूरो, मॉइल (मँगनीज खाणींची सरकारी कंपनी), वेकोलि (कोळसा खाणींची सरकारी कंपनी) आणि नीरी (पर्यावरण संशोधन संस्था) यांची मुख्यालयं इथेच आहेत, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं विभागीय कार्यालयही आहे. तरी त्यांचा चेहरा सैलावला नाही.

"भाऊ, काळजी नोकरीचीच आहे का?"

"पोरगी खाणीत उतरेल का, मॅडम?"

खरी भीती ही होती. तांत्रिक आणि देखरेखीच्या कामासाठी स्त्रियांना भूमिगत खाणीत दिवसा उतरायची परवानगी 2019 मध्येच मिळाली, हे त्यांना ठाऊक नव्हतं. शिवाय भूजलाचं काम करणारीला खाणीत जावं लागतंच असं नाही. पुढच्या भेटीत रेवाच्या आधी बाबाच बोलू लागले.

दोन्हींत मन अडकलं असेल, तर बी.एस्सी.ला भूशास्त्र घ्या, जमल्यास रसायनाच्या जोडीनं. पुढे एम.एस्सी.ला पर्यावरणाकडे वळणं सोपं जातं. उलट वाट अवघड आहे. यूपीएससीच्या भूवैज्ञानिक पदाला भूशास्त्राची किंवा त्याच्या शाखेची पदव्युत्तर पदवी लागते, पर्यावरणशास्त्राची चालत नाही.

प्रवेश घेण्याआधी कॉलेजात एक गोष्ट जरूर विचारा: मुलांना फील्डवर नेता का, कुठे नेता, खडकांचा नकाशा त्यांच्याकडूनच काढून घेता का? आणि हे तिसऱ्या वर्षाच्या मुलांनाही विचारा.