शहाद्याजवळ फुलाच्या नक्षीचा दगड सापडला. तो माँटलिव्हाल्टिइडी या नामशेष प्रवाळकुळातला असेल का?

तापीकाठचाच असेल तर जवळपास नक्कीच नाही, कारण खान्देशातला काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे आणि त्याच्या पोकळ्यांत झिओलाइट या खनिजाचे स्फटिक असेच फुलासारखे फुलतात. माँटलिव्हाल्टिइडी हे स्क्लेरॅक्टिनिया म्हणजे दगडी प्रवाळांच्या गणातलं समुद्री कुळ. कच्छच्या जुरासिक थरांत ते सापडतं. भिंग घेऊन पडदे, म्हणजे आतल्या पातळ उभ्या भिंती, बघा: प्रवाळात ते कडेकडून मध्याकडे जातात, साधारण सहाच्या पटीत, लांब-आखूड, वरची कड दातेरी. स्फटिकांच्या काड्यांना असा हिशेब नसतो. ॲसिड टाकून काही कळणार नाही, लाव्हातलं कॅल्साइटही फसफसतं. मात्र दगड कुणी सातपुड्यापलीकडून, मध्य प्रदेशातल्या बाघच्या चुनखडकातून आणला असेल तर तो जीवाश्म असू शकतो. पण तिथल्या ‘प्रवाळी’ म्हणवणाऱ्या थरातही मुख्यतः ब्रायोझोआ, म्हणजे वसाहतीने राहणारे वेगळेच चिमुकले जलचर, असतात.