पुणे जवळ आहे म्हणून पुणेच?

"सोलापुरात माझा चादरींचा लहान व्यवसाय आहे. मुलीला सीईटीत चांगले पर्सेंटाइल मिळाल्याने पुण्याचे सीओईपी आणि मुंबईचे व्हीजेटीआय, या दोन्ही इंजिनिअरिंग कॉलेजांत कॉम्प्युटर शाखेला प्रवेश मिळण्याची आशा आहे. पुणे जवळ, शिवाय तिथे तिची आत्या राहते, म्हणून मी सीओईपी म्हणतो. ती व्हीजेटीआयवर अडून बसली आहे. घरात अबोला आहे. काय करावे?" — एक वडील, सोलापूर

सप्रेम नमस्कार.

शिक्षणाच्या दर्जावरून हा वाद सुटणार नाही. सीओईपी १८५४ पासूनचे, व्हीजेटीआय १८८७ पासूनचे, आणि ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, डेटाबेस हे विषय दोन्हीकडे शिकवले जातात. सीओईपी २०२२ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झाले, तर स्वायत्त असूनही व्हीजेटीआयची पदवी मुंबई विद्यापीठाची असते. मात्र नोकरी देणाऱ्यांना या फरकाशी फारसे कर्तव्य नसते, असे माझे मत आहे. नोकरीच्या पगाराचे, म्हणजे पॅकेजचे, मोठाले आकडे ऐकून तर मुळीच ठरवू नका, कारण जाहिरातीत झळकतो तो वर्गातल्या एखाद्याचा आकडा असतो. विचारायचाच तर मधला आकडा विचारा, म्हणजे ज्याच्या वर निम्मी मुले आणि खाली निम्मी असतात तो.

उरले अंतर. हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी निघालेला माणूस दुपारच्या आत पुण्यात असतो आणि सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये रात्री झोपलेला सकाळी दादरला उतरतो, तिथून व्हीजेटीआयचे माटुंगा हाकेच्या अंतरावर. एका रात्रीच्या प्रवासासाठी चार वर्षांचा निर्णय फिरवावा, असे मला वाटत नाही. आत्याचे घर हा आधार खरा, पण इंजिनिअरिंगच्या मुलांची खरी तयारी रात्री उशिरापर्यंत मित्रमैत्रिणींसोबत कोडिंग करताना होते, आणि नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलीला तेवढी मोकळीक क्वचितच मिळते.

आपली खरी काळजी खर्चाची असेल, तर ती तिला स्पष्ट सांगा. वसतिगृहात सर्वांनाच जागा मिळते असे नाही, आणि दादर-माटुंग्यात खोलीचे भाडे परवडणे कठीण. तेव्हा तिच्या हट्टाला माझा पाठिंबा आहे तो एवढ्या अटीवर, की वसतिगृहाची चौकशी तिने स्वतः करावी आणि चार वर्षांचा हिशेब आपल्यासमोर मांडावा.

एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, पहिल्या फेरीत फॉर्ममधला पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला, की तो स्वीकारावाच लागतो आणि पुढच्या फेऱ्या बंद होतात. म्हणून अबोला फॉर्म भरण्याआधी संपवा, आणि लॉगिनचा पासवर्ड तिच्याकडेच राहू द्या.